मुका दुभाष्या

जुन्या रेडिओंतील काचेचे व्हॉल्व्ह कोणाच्याहि नजरेंत भरतात. कर्ण्याशेजारीं बसलेल्या लोखंडी ठोकळ्याची मात्र कोणी विचारपूस करीत नाहीं. वास्तविक हा ट्रान्सफॉर्मर म्हणजे त्या घरांतला दुभाष्या. शेवटचा व्हॉल्व्ह बोलतो तो चढ्या दाबाच्या व अल्प प्रवाहाच्या भाषेंत. कर्ण्याला समजते ती नेमकी उलट. ईएल ८४ या व्हॉल्व्हला सुमारें ५२०० ओहमांचा भार मानवतो, आणि आमचा कर्णा अवघ्या ३ ओहमांचा. या आंकड्यांच्या गुणोत्तराचें वर्गमूळ सुमारें ४२. म्हणजे कर्ण्याकडील एका वेढ्यामागें व्हॉल्व्हकडे ४२ वेढे हवेत.

तीर्थरूपांचा रेडिओ मुका झाला तेव्हां व्हॉल्व्हची आंतली जाळी लालबुंद झालेली पाहूनच आम्हांस या दुभाष्याची शंका आली. बाजारांत एकच सल्ला मिळाला: पेटी ठेवा, आंत नवें यंत्र बसवा. पोपट मेला तरी पिंजरा जपा, असें सांगण्यापैकींच तें! शिवाय दादांचे कान झपाट्यानें मंदावत होते. “ऐकूं येतें आहे तोंवर एकदां बाबांचा रेडिओ लाव,” एवढेंच ते म्हणाले होते.

वीज तोडून, कंडेन्सरांतील सांठा उतरवून आम्हीं ठोकळा सोडविला. तार तुटली होती अगदीं आंतल्या टोकाला, डाग दिलेल्या जागीं. कोंकणच्या ओलीनें तांब्याची हिरवी भुकटी केली होती. म्हणजे सगळी गुंडाळी उलगडणें आलें. कर्ण्याकडील वेढे ८४ भरले. केसासारख्या तारेचे सुमारें ३५०० घालावयाचे. हातगिरमिट टेबलाला आवळून, दर थरावर पातळ कागद देत, शंभर-शंभरांच्या रेघा ओढीत नऊ संध्याकाळीं तें काम पुरें झालें. (मध्येंच कोणी हांक मारली तर आमच्या घरीं त्या दिवसांत उत्तर मिळत नसे.)

पत्रे परत बसवितांना मात्र धीर धरावा लागतो. ते एकमेकांत गुंफून चालत नाहीं. इंग्रजी ‘ई’च्या आकाराचे सर्व एका बाजूस, सरळ पट्ट्या दुसऱ्या बाजूस, आणि मध्यें कागदाची फट. या गुंडाळींतून एकदिश प्रवाह सतत वाहतो. फट नसेल तर लोखंड त्यानेंच तृप्त होतें व खर्जाचे सूर मरतात.

ग्रामोफोनची तार मागें जोडली. व्हॉल्व्ह तापेपर्यंत दादा पेटीच्या जाळीवर तळहात ठेवून बसले होते. तबला सुरू झाला तरी त्यांनीं हात काढला नाहीं. फक्त आवाज जरा वाढव, म्हणाले.