आतल्या अंगणाचे सडासंमार्जन



आपली सारी साधना श्वासावर चालते. अभंगाचा चरण उचलायला दम लागतो, टाळ घेऊन पाऊली खेळायला दम लागतो आणि नुसते नाम घ्यायलाही एक श्वास लागतोच. मग ज्याची छाती कफाने भरलेली असते त्याने भजनात कुठे उभे राहावे? वरोऱ्यात राहून हा प्रश्न मी गेली बारा वर्षे छातीत बाळगते आहे. तुमच्या घरी, तुमच्या फडातही असा कोणी असेल, म्हणून हे लिहिते.

तरुणपणी मला क्षय झाला. औषधांचा पूर्ण क्रम घेतला आणि क्षय बरा झाला, पण जाताना उजव्या फुप्फुसातल्या काही श्वासनलिका ढिल्या आणि रुंद करून गेला. या आजाराला डॉक्टर ब्राँकिएक्टॅसिस म्हणतात. रेने लायनेक या फ्रेंच वैद्याने 1819 साली त्याचे वर्णन केले. छातीचे ठोके ऐकायची नळी 1816 मध्ये त्यानेच शोधली. तो स्वतः बासरी वाजवायचा, आणि वयाच्या 45व्या वर्षी क्षयानेच गेला. मुरलीधराच्या भक्तांना हे वाचून थोडी हळहळ वाटेल, मलाही वाटली.

कफ हा मुळात शत्रू नव्हे. निरोगी माणसाच्या श्वासनलिकांतही तो असतो आणि त्यात 95 टक्क्यांहून अधिक पाणीच असते. नलिकांच्या आतल्या बाजूला डोळ्यांना न दिसणारी बारीक लव असते. ती सतत वरच्या दिशेने हलत राहते आणि धूळ, धूर, जंतू कफासकट घशाकडे ढकलते. आपल्याला पत्ताही लागत नाही. माझ्यासारख्यांची ही लव जागोजागी नष्ट झालेली असते. कफ खाली साचतो, घट्ट होतो, त्यात जंतू वाढतात, त्यांनी नलिका सुजतात आणि आणखी कफ होतो. त्यातून आमचा भाग कोळशाच्या खाणींचा आणि औष्णिक विजेचा. 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या प्रदूषित औद्योगिक भागांची यादी केली तेव्हा चंद्रपूर चौथे होते. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर गेला की अंगातले पाणी आटते आणि बेडका चिक्कीसारखा चिकटतो.

आता बाहेरच्या अंगणाचा विचार करा. कोरड्या धुळीवर नुसता झाडू मारला तर धूळ उडते आणि पुन्हा तिथेच बसते. म्हणून आधी पाणी शिंपडायचे, मग झाडायचे. छातीचेही असेच आहे. जोरजोराने खोकून घसा सोलवटतो, धाप लागते आणि कफ जागचा हलत नाही. मला हे फिजिओथेरपिस्ट ताईंनी शिकवले.

काकड आरतीच्या तासभर आधी मी उठते. कोमट पाणी पिते. डॉक्टरांनी दिलेला नलिका मोकळ्या करणारा इन्हेलर घेते, मग नेब्युलायझरमधून 3 टक्के खारट पाण्याची फवार घेते. मीठ ओलावा ओढून घेते आणि कफ सैल होतो. मात्र कोणाकोणाची छाती या फवाऱ्याने आवळते, म्हणून पहिला डोस दवाखान्यातच घ्यावा लागतो. झाला हा सडा. मग झाडणे. थोडा वेळ शांत श्वास. मग तीन-चार खोल श्वास, प्रत्येक दोन-तीन क्षण आत धरून. मग चष्म्याच्या काचेवर वाफ सोडावी तसे तोंड उघडे ठेवून एक-दोनदा ‘हाऽऽ’ करून जोराने हवा सोडायची. पुन्हा शांत श्वास, पुन्हा तोच फेरा. कफ वर आला की एकदाच खोकायचे. दहा-पंधरा मिनिटे सकाळी, तेवढीच संध्याकाळी जेवणाआधी. बरे वाटत असले तरी नेम चुकवायचा नाही. नेम म्हणजे काय हे वारकऱ्याला वेगळे सांगायला नको.

आमच्या रानात अडुळसा उगवतो. आजी त्याचा काढा द्यायची. दवाखान्यातले ब्रोम्हेक्सीन हे औषधही अडुळशातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरून तयार झाले. म्हणून काढ्याला मी नावे ठेवत नाही, पण काढ्याच्या भरवशावर गोळी सोडत नाही. कफाचा रंग हिरवा-पिवळा झाला, तो एकाएकी वाढला, ताप आला किंवा रक्त दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आपल्या रीतींतही थोडे बदल करावे लागले. एकादशी मी करते, पण निर्जळी नाही. पाणी हेच माझे पहिले औषध आहे. चूल सुटली आणि गॅस आला. धूप पेटला की मी दाराजवळच्या वाऱ्याला बसते. बुक्का उधळू नका, कपाळाला लावा, एवढी विनंती करते आणि लोक मानतात. पिशवीत झाकणाची डबी असते. रस्त्यावर किंवा नदीकाठी थुंकायचे नाही, मग वारी असो की बाजार.

सगळ्यात जड गेली ती शिसारी. भजनात खोकला आला की शेजारी बसलेली बाई पदर नाकाला लावून सरकायची. तिचे तरी काय चुकले? तिला वाटे, क्षय आहे. माझी थुंकी तपासून झाली आहे, त्यात क्षयाचे जंतू नाहीत, हे किती जणींना सांगत बसणार? तेव्हा मला गावाशेजारचे आनंदवन आठवायचे. 1949 साली बाबा आमटे आणि साधनाताई सहा कुष्ठरुग्णांना घेऊन त्या माळावर राहायला गेले. ज्यांना घरच्यांनी हाकलले त्यांनी तिथे विहिरी खणल्या, धान्य पिकवले. पुढे बाबांचा कणा असा दुखावला की त्यांना बसता येईना. ते उभे राहत किंवा आडवे होत, आणि तसेच देशभर हिंडले. पुढे तिथल्या अंध-अपंग कलाकारांनी ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद उभा केला. हे सारे उशाशी असताना मी एका डबीची लाज का धरावी?

आणि भजनात कुठे उभे राहावे, याचे उत्तर आपल्या भजनाच्या रचनेतच होते. आपल्याकडे एकटा कोणी गात नाही. एकाने चरण म्हणावा, बाकीच्यांनी धृपद धरावे. माझा श्वास अर्ध्या ओळीत संपतो तेव्हा ती ओळ पडत नाही, शेजारची पुढे नेते. मी तेवढ्यात श्वास भरते आणि पुढच्या चरणाला सामील होते. पूर्वी मी चाल धरायची, आता टाळ धरते. दिवेघाटाची चढण मला आता झेपत नाही, म्हणून वारीत सपाटीवर चालते आणि चढणीला गाडीत बसते.

तेव्हा माऊली, तुमच्या दिंडीत कोणी खोकत असेल तर त्याच्यापासून सरकण्याआधी त्याने तपासणी केली आहे का, एवढे विचारा. नसेल केली तर सरकारी दवाखान्यात घेऊन जा, क्षयाची तपासणी आणि औषधे तिथे मोफत मिळतात. केली असेल तर त्याला पाण्याचा तांब्या द्या, त्याचा खोकला संपेपर्यंत धृपद थोडे लांबवा, आणि तो परत उभा राहील अशी जागा टाळकऱ्यांच्या रांगेत मोकळी ठेवा.

रामकृष्णहरी.