पाहताक्षणी वादन आणि मंद दृष्टी

चि. बेबीस,

तुझे पत्र पावले. दृष्टी मंदावत चालल्याने पियानोवर अनोळखी उतारा पाहताक्षणी वाजवणे तुला दुष्कर होत आहे, आणि त्यावर तोड म्हणून तू नोटेशनची पाने उत्तरोत्तर मोठी करून घेत आहेस, असे कळले. पाने मोठी करण्यास माझी हरकत नाही. परंतु स्वरचिन्हे जितकी मोठी होतील तितके थोडे बार एका दृष्टिक्षेपात मावतील, आणि बोटे एका बारवर असताना नजर पुढच्या बारवर असणे यावरच तर या विद्येची सारी मदार असते. म्हणून विनासायास वाचता येईल एवढाच आकार ठेव. कागद चकाकणारा नको, शाई गडद हवी, उजेड खांद्यामागून यावा, आणि पाने पियानोवर दूर न ठेवता निराळ्या स्टँडवर डोळ्यांजवळ आणावीत.

निष्णात वादक एकेक स्वर वाचत असतो, ही समजूत निराधार आहे. लागोपाठच्या तीन रेषांवर एकावर एक रचलेले तीन स्वर दिसताच त्याचा हात त्या आकाराचा होतो. चढती ओळ दिसली की ती कोणत्या स्केलची हे त्याने आरंभीच्या चिन्हांवरूनच ताडलेले असते. तुला कंटाळवाणी वाटणारी स्केल्स आणि कॉर्ड्स हीच या अनुमानाची शिदोरी होय. खाली पट्ट्यांकडे पाहणे मात्र कटाक्षाने सोड, कारण वर परतलेल्या नजरेला आपली ओळ पुन्हा हुडकावी लागते. काळ्या पट्ट्यांचे दोन-तीनांचे पुंजके बोटांना आपसूक सापडतात.

डोळ्यांत थोडे तेज आहे तोवरच ब्रेलची स्वरलिपी शिकून घे. तिच्या एकाच घरात वरचे चार बिंदू स्वराचे नाव सांगतात आणि खालचे दोन त्याचा काल. गायकाला ती बोटांनी वाचता वाचता गाता येते. पियानोवादकाने डाव्या हाताने वाचून उजव्याने वाजवावे, मग उलट, आणि शेवटी दोन्ही जुळवावे. हे पाहताक्षणी वादन नव्हे, असे कोणी म्हणेल तर खुशाल म्हणो. जर्मनीचे ऑर्गनवादक हेल्मुट वाल्खा यांनी दृष्टी गेल्यावर बाखच्या रचनांतील एकेक स्वरपंक्ती दुसऱ्याकडून वाजवून घेऊन मुखोद्गत केली. आपल्याकडे, बालपणी फटाक्याने ज्यांची दृष्टी अधू झाली, त्या विष्णु दिगंबर पलुस्करांनीच १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले आणि स्वतःची स्वरलिपीही रचली, हे तुझ्या मास्तरांना अवश्य सांग.

आता पियानोच्या परीक्षेविषयी. तीत अनोळखी उतारा वाजवण्यापूर्वी चाळण्यास अर्धे मिनिट मिळते. त्यात सारे वाचू नकोस, स्केल, ताल, पहिला-शेवटचा बार आणि हात जागा बदलतो ती स्थळे तेवढी हेर. मोठ्या छपाईचा उतारा आणि वाढीव अवधी यांसाठी मात्र डॉक्टरांच्या दाखल्यासह मुदतीपूर्वी अर्ज जावा लागतो. मसुदा मजकडे धाड, तपासून परत करतो.

तुझा,
मामा