तबकडी आणि पेटी

परवा पुतण्यानं एक नवी कोरी तबकडी आणून माझ्यापुढे ठेवली. नवी म्हणजे नव्यानं छापलेली. आतली गाणी चाळीस वर्षांपूर्वीची. गाणारा नायजेरियातल्या एनुगूचा, विल्यम ओन्याबोर. १९७७ ते १९८५ या काळात त्यानं आपल्या तबकड्या काढल्या. खाली संथ, हट्टी ठेका आणि वर सिंथेसायझरची खट्याळ भिरभिर! पुढे तो धर्माकडे वळला आणि हे नाचाचं संगीत त्यानं सोडून दिलं. २०१३ साली न्यूयॉर्कच्या लुआका बॉप कंपनीनं निवडक गाणी पुन्हा काढली, त्यांची रीमिक्सही निघाली, देशोदेशींची तरुण मंडळी नाचली. तो मात्र त्याविषयी बोलायचं टाळतच राहिला. २०१७ साली वारला.

ऐकताना माझा पाय हलू लागला आणि एकदम वडील आठवले. त्यांनीही माळ घेतली आणि त्यांची पेटी माळ्यावर गेली. राहिली ती एक कॅसेट.

"काका, ती मला द्या," पुतण्या म्हणाला, "ताल घालून नवी करतो."

मी 'नाही' म्हणालो. ओन्याबोरनं निदान परवानगी दिली होती. वडिलांना आता कुठं विचारू?

रात्री कॅसेट लावली. पदाच्या मध्येच वडील खोकतात आणि स्वतःशीच हसतात. सोडून दिलेल्या गोष्टीत ते इतके सुखी होते, हे मी विसरलोच होतो!

सकाळी ती पुतण्याच्या हाती दिली. म्हटलं, "ताल हवा तो घाल, पण मूळ तसंच जप. आणि तो खोकला पुसू नकोस."