परक्या घरांच्या किल्ल्या

आमच्या घराच्या दारामागे एक खिळा आहे आणि त्या खिळ्याला तेवीस किल्ल्यांचा जुडगा अडकवलेला असतो. त्यांतील एकही किल्ली आमच्या घराची नाही. चौदा किल्ल्या आसनगावच्या चाळीच्या आणि नऊ मुरबाडच्या खोल्यांच्या. मालक आमचे मामेभाऊ. ते वसईस राहतात. शाळेतून निवृत्त होऊन आम्ही शहापुरास स्थिरावलो, तेव्हा ते म्हणाले होते, "तू तिथेच आहेस, जरा लक्ष ठेव." त्या 'जरा'ला आता पंधरा वर्षे झाली. भाडे गोळा करणे म्हणजे कारभार, अशी प्रारंभी आमचीही समजूत होती. तो कारभाराचा सर्वांत सोपा भाग आहे, हे पुढे कळले. कसे कळले, तेच येथे सांगावयाचे आहे.

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील सह्याद्रीच्या पायथ्याचे दोन शेजारी तालुके. पण दोन्हीकडचा भाडेकरू वेगळा. शहापूरचे रेल्वे स्थानक आसनगाव. तेथे खोली घेणारा माणूस बहुधा लोकलचा प्रवासी असतो. पहाटे चारला उठून कल्याण, ठाणे, मुंबई गाठणारा आणि रात्री नऊला परतणारा. मुरबाडला रेल्वे नाही. तेथे खोली घेणारा औद्योगिक वसाहतीतील कामगार. रात्रपाळी करून दिवसा झोपणारा. शिवाय दूर गावी नेमणूक झालेले शिक्षक, परिचारिका, आणि खेड्यापाड्यांतून शिकावयास आलेली मुले. मध्यंतरी समृद्धी महामार्गाच्या कामावरील माणसांनीही या भागात खोल्या घेतल्या. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ती माणसे पुढच्या कामावर निघून गेली. कोणाचे दार कोणत्या वेळी वाजवू नये, हे ठाऊक असणे हा या व्यवसायाचा पहिला धडा होय.

दुसरा धडा तारखेचा. आम्ही प्रथम सर्वांना एक तारीख सांगत असू. कारखान्यातील कामगाराचा पगार सात ते दहा तारखेस होतो. मग एक तारखेस त्याने भाडे आणावे कोठून? तो उसने आणी, उसन्यावर व्याज भरी आणि तिसऱ्या महिन्यास थके. आम्ही त्याची तारीख बारा केली आणि निम्मी थकबाकी आपोआप नाहीशी झाली. पावती मात्र प्रत्येकाला त्याच क्षणी द्यावी. आजकाल पैसे मोबाईलवरून येतात; तरीही आम्ही पावती लिहितो. ज्याच्या हाती कागद नाही त्याला वादात तोंड नसते, हे शाळेच्या कचेरीतही आम्ही पाहिले होते.

कागदाचे महत्त्व कायद्यानेही मानले आहे. १९४७ च्या भाडे कायद्याच्या धास्तीने पुष्कळ मालक पावती देत नसत आणि भाडेकरू खोली सोडत नसत, अविश्वास दोन्हीकडे. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. तो जेथे लागू आहे तेथे करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची असते. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी नको, असे सांगणारे अजून भेटतात. ती समजूत चुकीची आहे. नोंदलेला करार नसेल आणि वाद उपस्थित झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. मामेभावांना एवढे एक वाक्य वाचून दाखविले आणि ते नोंदणीच्या खर्चास तयार झाले.

खोली देताना आम्ही भाडेकरूला बरोबर घेऊन ती पाहतो. पंखा, दिवे, नळ, खिडकीच्या काचा, भिंतीवरील ओल, मीटरचा आकडा. सारे एका कागदावर उतरवून दोघांच्या सह्या. ज्या दिवशी कोणाचा कोणावर राग नसतो त्या दिवशी केलेला हा कागद, खोली सोडण्याच्या दिवशी कामास येतो. घेतलेली अनामत आम्ही निराळ्या खात्यात ठेवतो. ती मालकाची नव्हे आणि आमची तर नव्हेच.

मग पावसाळा. सह्याद्रीच्या पायथ्याशी पाऊस कसा कोसळतो, हे कोकणच्या वाचकांस सांगावयास नको. मृग लागण्यापूर्वी कौले चाळावयाची, पत्र्यांचे हूक आणि वायसर तपासावयाचे, पन्हळीतील पाने काढावयाची, मोरीचा उतार पाहावयाचा, संडासाची टाकी उपसून घ्यावयाची. जुलैत गवंडी मिळत नाही आणि मिळाला तरी ओल्या भिंतीवर त्याचा हात चालत नाही. चाळीच्या मागे गवत वाढते. त्यात घोणस, मण्यार निघतात. म्हणून संडासाच्या वाटेवरील दिवा एक रात्रही बंद राहता कामा नये. मालकाच्या वहीत तो दिवा खर्चाच्या बाजूस असतो. पण रात्री लेकरू घेऊन बाहेर पडणाऱ्या आईचा जीव त्या दिव्यावर असतो.

हे सारे शिकता येते. न शिकता येणारी गोष्ट निराळीच आहे.

आमच्या मुलखात 'मालकाचा माणूस' हे शब्द फारसे आदराने उच्चारले जात नाहीत, आणि त्याला कारण आहे. जमीनदार दूर शहरात राहत. त्यांचे मेहते आणि कारभारी खंड वसूल करीत. खंड थकला, कर्ज झाले, की वेठ आली. जानेवारी १९४५ मध्ये येथून जवळच, टिटवाळ्यास, किसान सभेचे अधिवेशन भरले. आणि त्याच वर्षी उंबरगाव-डहाणूकडील वारल्यांनी शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठीस नकार दिला. त्यानंतर १९४८ चा कूळकायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून कसणाऱ्या कुळाला जमिनीची मालकी देण्याचे धोरण आले. कायदे झाले, तरी शरीराला लागलेली सवय लवकर जात नाही. चाळीचे अंगण साफ करावयास एक वृद्ध कातकरी येत असे. आमच्या हातातील किल्ल्या वाजल्या की तो बसल्या जागेवरून उठून उभा राही. "बाबा, बसा," असे आम्ही कितीदा सांगितले, तो उभाच. तो आमच्यासाठी उठत नव्हता. आमच्या हातातील जुडग्यासाठी उठत होता. त्या वेळी आम्हांस याचे थोडे वाईट वाटे, आणि थोडे बरेही वाटे. ते बरे वाटणे किती धोक्याचे होते, हे २०१३ च्या मे महिन्यात कळले.

आसनगावच्या सहा क्रमांकाच्या खोलीत एक कुटुंब होते. नवरा एका कारखान्यात. बायको घरी शिवणकाम करी. नऊ वर्षांची एक मुलगी. कारखान्यातील काम थांबले आणि भाडे थकले. दरमहा पंधराशे रुपये, चार महिने. आम्ही मामेभावांना कळविले. त्यांचाही नाइलाज होता, हे येथे सांगितले पाहिजे. भविष्यनिर्वाह निधीच्या पैशांतून त्यांनी त्या खोल्या बांधल्या होत्या आणि वहिनींची औषधे त्या भाड्यावर चालत. पण ते म्हणाले, "तू फार मऊ आहेस. त्यांचे पाणी बंद कर, आपोआप पैसे येतील."

चाळीची टाकी एक. तिच्यापासून प्रत्येक खोलीला वेगळा नळ आणि वेगळा कॉक. सहा क्रमांकाचा कॉक आम्ही आमच्या हाताने बंद केला. अत्यावश्यक पुरवठा सबळ कारणाशिवाय तोडण्यास भाडे नियंत्रण कायद्यातच मनाई आहे. नोंदणीचे कलम मामेभावांस वाचून दाखविणाऱ्या आम्हांस हे कलम त्या दिवशी आठवले नाही, असे म्हणणे खोटे होईल. आठवले, पण आम्ही त्याकडे पाहिले नाही.

शहापूर तालुक्यातील मे महिना ज्यांनी अनुभवला आहे त्यांनाच याचा अर्थ कळेल. १८९२ पासून मुंबईची तहान भागविणारा तानसा येथला, भातसाही येथलाच. आणि याच तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत रस्त्यावर हंडे मांडून बसतात. अशा मुलखात नळ बंद करणे म्हणजे काय, हे आम्हांस शिकवावयास नको होते.

त्या बाईंनी तक्रार केली नाही. शेजारणीकडेही मागितले नाही. मागितले असते तर त्यांच्याशीही आमचे वाकडे होईल, असे त्यांना वाटले असावे. रस्त्यापलीकडील हातपंपावर त्या पहाटे जात. तिसऱ्या दिवशी दुपारी उन्हात त्यांची मुलगी कमरेवर कळशी घेऊन येताना आम्हांस भेटली. तिने कळशी सावरली, रस्त्याच्या कडेला सरली आणि म्हणाली, "नमस्ते, मास्तर." शाळेत मुले बाजूस होऊन उभी राहत, तशीच. संध्याकाळी आम्ही कॉक उघडला. घरी आमच्या सौ. एवढेच म्हणाल्या, "बंद करताना मला विचारलं नाहीत."

आठवड्याच्या आत ते कुटुंब निघून गेले. किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवली होती. आम्ही खोली उघडली. लादी पुसलेली, चूल ठेवण्याची जागा घासलेली, खिळे होते तेथेच. कागदाप्रमाणे पाहिले, एक काचही कमी नव्हती. अनामत दहा हजार होती. चार महिन्यांचे भाडे सहा हजार, विजेचे सहाशे चाळीस. तीन हजार तीनशे साठ रुपये त्यांचे आमच्याकडे राहिले होते आणि ते मागावयास कोणी आले नाही. मामेभाऊ म्हणाले, "रंगकामाला धर." रंगकामाची गरज नव्हती.

आम्ही शोध सुरू केला. मुरबाडच्या आमच्या खोल्यांतील एका कामगाराने महिनाभराने सांगितले की तो माणूस तिकडील एका कारखान्यात लागला आहे. आम्ही पैसे आणि हिशेबाचा कागद पाकिटात घालून शहापुराहून निघालो. भातसा ओलांडून किन्हवली, पुढे सरळगाव, मग मुरबाड. पाऊस सुरू झाला होता. गाडीत बसून आम्ही मनाशी क्षमायाचनेची वाक्ये जुळवीत होतो. आयुष्यभर भाषा शिकविली, तरी एकही वाक्य उभे राहीना.

त्यांनी आम्हांस आत बोलावले. रिवाजाप्रमाणे बाईंनी प्रथम पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. आम्ही प्यालो. मग पाकीट दिले. नवऱ्याने पैसे मोजले, सही केली. बाईंनी कागद घेतला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. म्हणाल्या, "हिशेब बरोबर आहे, मास्तर. पाण्याचे तीन दिवस तेवढे यात मांडलेले नाहीत."

"असू दे गं," नवरा म्हणाला.

आम्ही म्हणालो, "चूक झाली." जुळविलेल्या वाक्यांपैकी एवढेच उरले होते. त्यांनी मान हलविली. क्षमा केली की नाही, हे आम्ही विचारले नाही. विचारण्याचा आम्हांस अधिकार नव्हता.

शुभवर्तमानातील कारभाऱ्याकडे त्याच्या धन्याने हिशेब मागितला, ही कथा आपण सर्वांनी कितीदा ऐकली आहे. आम्हीही आजवर तीत धन्याचाच हिशेब पाहत आलो. ज्याच्यावर कारभार चालतो तोही हिशेब मागू शकतो, हे आम्हांला मुरबाडच्या त्या खोलीत कळले. कारभारी दोघांच्या मध्ये उभा असतो. मालकाला भाडेकरूचा चेहरा दिसत नाही आणि भाडेकरूला मालकाची अडचण दिसत नाही. दोघांनाही दिसतो तो कारभारी. एकाचे दुसऱ्यास खरे सांगणे, हेच त्याचे मुख्य काम. आम्ही मामेभावांना थकबाकी कळविली होती. कारखाना बंद पडल्याचे कळविले नव्हते. तो आमचा पहिला अपराध. कॉक बंद करणे हा दुसरा.

परत आल्यावर आम्ही त्यांना सविस्तर पत्र लिहिले. कॉक काढून टाकण्याची परवानगी द्यावी, नाहीतर किल्ल्या घेऊन जाव्यात, असे शेवटी लिहिले. महिनाभर उत्तर आले नाही. मग फोन आला, "तुला योग्य वाटेल ते कर. पण तोटा झाला तर सांगत जा." तेव्हापासून आमची रीत ठरली आहे. पहिला महिना थकला की विचारपूस. दुसरा थकला की बसून हप्ते लिहिणे, आणि त्याच दिवशी कारणासह मालकास कळविणे. त्यानंतरही जमले नाही, तर लेखी नोटीस आणि दुसरी जागा पाहावयास पुरेसा अवधी. या रीतीत आम्ही फसलोही आहोत. एकजण तीन महिन्यांचे भाडे बुडवून गेला. दुसऱ्याने जाताना पंखा नेला. ते नुकसान मामेभावांनी सोसले, आणि आम्ही ते लपविले नाही.

आता आमचे वय झाले. मामेभावांचा मुलगा म्हणतो, "काका, हे सगळं मोबाईलवर होईल." होईल, पैसे येतील, पावत्या जातील, करारही नोंदले जातील. आम्ही त्याला किल्ल्या देऊ, मृगापूर्वीच्या कामांची यादी देऊ आणि आमची जुनी वही देऊ. त्या वहीत सहा क्रमांकाच्या पानावर, बेरीज-वजाबाकी संपल्यानंतर, मुरबाडहून परतल्या रात्री लिहिलेली एक ओळ आहे: 'मे २०१३, तीन दिवस पाणी बंद. येणे काही नाही. देणे आहे.'