दोन खऱ्या गिन्न्या

त्या वर्षीचा कापूस खामगावला विकून बाबांनी ताईच्या लग्नाची रक्कम ट्रंकेत ठेवली आणि महिनाभरात त्यांना एक माणूस भेटला. जुन्या गढीच्या पायव्यात हंडा लागलाय, किलोभर गिन्न्या आहेत, सराफाकडे उघड नेता येत नाहीत, म्हणून अर्ध्या भावात देतो, असं त्याचं म्हणणं. विश्वास बसावा म्हणून दोन गिन्न्या त्याने बाबांच्या हातावर ठेवल्या आणि तपासून या म्हणाला.

बुलडाणा जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. नकली गिन्न्यांचे गुन्हे इथल्या पोलीस ठाण्यांत दाखल होतच असतात. तरी प्रत्येकाला वाटतं, आपल्याला भेटलेला माणूस तेवढा साधाभोळा आहे.

बाबा मला सोबत घेऊन सराफ्यात नानाजींकडे गेले. नानाजी मूळचे चांदीचे कारागीर. खामगाव चांदीसाठी नावाजलेलं, त्यामुळे त्यांचं आयुष्य भट्टीपाशी गेलं होतं, आणि हात थरथरायला लागल्यावर त्यांना पेढीवर पारखीला बसवलं होतं. त्यांनी कसोटीवर दोन्ही गिन्न्यांची एकेक रेघ ओढली, शेजारी माहितीतल्या सोन्याची ओढली आणि काचेच्या काडीने तिन्हींवर तेजाब फिरवलं. रेघा जशाच्या तशा राहिल्या. बाबांचा चेहरा खुलला.

नानाजींनी कसोटी पुसून ठेवली. "किती हायेत म्हने असल्या?"

"किलोभर."

"दोनी खऱ्या हायेत. म्हनूनच सांगतो भाऊ, जाऊ नको."

बाबांना उलगडा होईना. नानाजींनी शांतपणे समजावलं. तपासायला दिलेला माल खराच असतो, तो गळाचा भाव असतो. पुढची पिशवी पितळेची, आणि ती बाजारात नाही, कुठेतरी आडरानात, दिवेलागणीला मिळते. त्यात 1878 चा कायदा असा की जमिनीत सापडलेल्या धनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. फसलेला माणूस म्हणूनच तक्रारीला कचरतो, आपणही चोरीचं धन घ्यायला निघालो होतो हे त्याला सांगावं लागतं. ठग या लाजेवर जगतात.

"मंग ह्या दोनाचं काय करू?"

"वापस कर. अन् चारचौघांत कर."

ताईचं लग्न त्याच पैशांत झालं. नानाजींनी तपासणीचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. पुढे कॉलेजसाठी मी खामगावात खोली केली आणि सुटीच्या दिवशी त्यांच्या गादीशेजारी जाऊन बसू लागलो. उपकार फेडायला गेलो असं म्हणायला बरं वाटेल, पण खरं म्हणजे मला त्या माणसाची गोडी लागली होती.

धनत्रयोदशीच्या आधी गावोगावची माणसं लक्ष्मीपूजनाचे रुपये घेऊन येत. राणी छाप, राजा छाप. कलदार रुपयाचं वजन 180 ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आजच्या भाषेत 11.66 ग्रॅम. त्यामुळे नानाजींना वजनं लागतच नसत. एका पारड्यात त्यांचा स्वतःचा 1862 चा रुपया, दुसऱ्यात आलेला. झिजलेलं नाणं थोडं वर जातं, त्याला ते हसून सोडून देत. मात्र नक्षी कोरी करकरीत आणि वजन कमी, असं दिसलं की भुवई चढे. त्या 1862 ची गंमत अशी की टांकसाळीने हे साल 1874 पर्यंत तसंच ठेवलं, म्हणून तो रुपया घरोघर सापडतो. दुर्मिळ म्हणून भाव सांगणाऱ्याला नानाजी नुसते पाहत राहत.

आवाजावर त्यांचा पूर्ण भरवसा नव्हता. बोटाच्या टोकावर रुपया धरून दुसऱ्याने टिचकी मारली की चांदी लांबवर गाते, शिसं-कथील बद्द वाजतं, हे खरं. पण बारीक चीर गेलेलं अस्सल नाणंही बद्दच वाजतं. शिवाय 1940 ते 1945 च्या रुपयात चांदी निम्मीच होती, आधीच्या रुपयात 91.7 टक्के. तो रुपया सरकारीच, पण लोक त्याला खोटा समजून पोराच्या हातात खेळायला देत. शंका आलीच तर ते पाण्याचा पेला काट्यावर ठेवून नाणं दोऱ्याने आत लोंबकळत सोडत. वजन जितकं वाढेल त्याने नाण्याच्या वजनाला भागायचं. चांगला रुपया सव्वादहाच्या थोडा वर येतो, जर्मन सिल्व्हर नऊच्या खाली राहतं.

सगळ्यात जास्त माल येई तो हनुमान, रामदरबार आणि 1818 साल असलेल्या 'कंपनीच्या' नाण्यांचा. कंपनीने असली नाणी कधी पाडलीच नाहीत. त्यावर तांदूळ चिकटतात म्हणून लाखोंचे सौदे करणारी शहाणी माणसं मी पाहिली आहेत. तांदळाला लोखंडाची पूड लावली, नाण्यात चुंबक दडवला, की चिकटणारच.

मी एकदा सिंदखेडराजाहून, जिजाऊ जयंतीच्या गर्दीतून, दोन शिवराया आणल्या. 'श्री राजा शिव' आणि मागे 'छत्रपति', अक्षरं पूर्ण, काठ गोल. नानाजींनी भिंग माझ्याच हातात दिलं. हाताने ठोकलेल्या शिवराईचा ठसा बहुधा चकतीहून मोठा, त्यामुळे एखादं अक्षर काठाबाहेर जातंच, आणि कुठल्याही दोन शिवराया तंतोतंत सारख्या नसतात. माझ्या दोन्ही नाण्यांवर 'राजा'च्या काना­खाली एकाच जागी, एकाच आकाराची खळी होती. एका साच्यात ओतलेली भावंडं! ती दोन्ही नानाजींच्या पत्र्याच्या डब्यात गेली. खोट्यांचा तो डबा हेच त्यांचं पाठ्यपुस्तक होतं.

पण पारख मी कुठेही शिकलो असतो. नांदुऱ्याकडची एक म्हातारी रुपयांची माळ मोडायला आली होती. नातवाच्या दवाखान्यासाठी. प्रत्येक रुपयाला कडी डाखलेली, आणि मधला, तिच्या आईने दिलेला, ओतीव निघाला. पेढीवर गिऱ्हाइकांची दाटी होती. नानाजींनी तिला आत बोलावलं, चहा मागवला आणि हळू आवाजात म्हणाले, "माय, बाकीचे मोडू. हा मधला आईचा हाये ना? हा मोडात येत नाई. देव्हाऱ्यात ठेव." म्हातारीने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. तिला कळलं होतं. तिने तो रुपया पदराच्या गाठीत बांधला आणि चहा प्याली. त्याच दुपारी एक दलाल चकचकीत व्हिक्टोरिया रुपये घेऊन आला, तेव्हा हाच माणूस सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला.

आता हॉलमार्किंग केंद्रांत यंत्रं आहेत, मिनिटात टक्केवारी देतात. फक्त ती वरच्या थराची असते, जाड मुलामा त्यांनाही चकवतो. मी शाळेत शिकवतो, लोक नाणी दाखवायला घरी येतात आणि मी अजून काटाच काढतो.

नानाजी गेल्यावर त्यांच्या मुलाने तो डबा मला बोलावून दिला. मी पैसे पुढे केले तर म्हणाला, "खोट्या नाण्यांचा भाव मी काय लावू, सर?" निदान जेवण तरी माझ्याकडून घ्या म्हटलं. हॉटेलात शेवटी बिलावरून आमचं चांगलंच वाजलं, आणि तेही त्यानेच भरलं.