चर्चगेटसमोरचे घुमट

विरारहून सुटलेली लोकल वसईची खाडी ओलांडते, तोवर डब्यात पाय ठेवायला जागा उरलेली नसते. याच वाटेने १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली. दिवसाला एकच गाडी. सकाळी यायची, संध्याकाळी परतायची. गोरेगावच्या स्थानकाला तेव्हा पहाडी म्हणत. चर्चगेट स्थानक तर अजून व्हायचंच होतं; ते आलं १८७० मध्ये.

ही गाडी चालवणारी बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे जुन्या मुंबईकरांची ‘बीबीसीआय’, मूळची मुंबईत रुजलेली नव्हे. १८५५ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचे पहिले रूळ पडले ते गुजरातेत, अंकलेश्वर ते उत्राण, १८६० साली. तिकडचा कापूस मुंबई बंदरात आणायचा होता. तापीपासून वैतरणेपर्यंत एकेक नदी ओलांडत रूळ दक्षिणेकडे सरकले आणि १८६४ मध्ये ग्रँट रोडला टेकले. आज लोकल तिथे जेमतेम अर्धं मिनिट थांबते.

चर्चगेटला गर्दी उतरते आणि भुयारी मार्गात शिरते. महर्षी कर्वे रस्त्यापलीकडे, पूर्वेला, बीबीसीआयची जुनी कचेरी उभी आहे. तिच्याकडे मान वर करून पाहणारे थोडेच.

हिचा वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. बोरीबंदरला ग्रेट इंडियन पेनिन्सुला म्हणजे जीआयपी रेल्वेसाठी व्हिक्टोरिया टर्मिनस (व्हीटी) उभारणारा तोच. एका कंपनीचा मुकुट घडवलेल्या माणसाला दुसऱ्या कंपनीने बोलावलं, तेव्हा त्याने पहिल्याची नक्कल केली नाही, हे त्याचं मोठेपण. १८९४ ते १८९९ या काळात बांधलेल्या या कचेरीत व्हीटीइतका कोरीवकामाचा सोस नाही. निळसर काळा बेसॉल्ट, त्यावर पांढऱ्या दगडाचे पट्टे, गॉथिक कमानी आणि वर पौर्वात्य धाटणीचे घुमट. रंगांच्या या आडव्या पट्ट्यांमुळे एवढी भारदस्त इमारतही हलकी वाटते. पश्चिमेच्या त्रिकोणी शिखरावर अभियांत्रिकीचं प्रतीक असलेली स्त्रीमूर्ती आहे. एका हाती इंजिन, दुसऱ्या हाती चाक. शिल्पकार रॉस्को मलिन्स. इमारत पुरी झाल्यावर पुढच्याच वर्षी, मार्च १९०० मध्ये, स्टीव्हन्स मुंबईतच वारला.

कचेरी बांधली तेव्हा तिच्यासमोरून गाड्या पुढे कुलाब्यापर्यंत जात आणि रुळांपलीकडे समुद्र होता. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली. पण तीन वर्षांच्या आतच, १९३० अखेर, चर्चगेटपुढचा फाटा बंद झाला. बॅकबेच्या भरावाने समुद्रही दूर गेला. चर्चगेट शेवटचं स्थानक झालं ते तेव्हापासून. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी पश्चिम रेल्वे जन्माला आली आणि तिने मुख्यालयासाठी हीच कचेरी ठेवली. घुमटांखाली आजही फायली हलतात, वेळापत्रकं ठरतात. वास्तू जिवंत ठेवण्याचा याहून चांगला मार्ग नाही.

कामकाजाचं कार्यालय असल्याने आत सहज फिरता येत नाही. बाहेरून मात्र कुणाची परवानगी लागत नाही. पुढच्या वेळी चर्चगेटला उतरलात, तर दुपार कलताना या. उन्हं थेट पश्चिमेच्या दर्शनी भागावर पडतात आणि मूर्तीच्या हातातलं इंजिन खालच्या फुटपाथवरूनही ओळखू येतं.