पूर्ण संच हवाच

अल दुहैल, शुक्रवार रात्र

इथे फायबरच्या जोरावर हवं ते सॉफ्टवेअर चहा उकळेपर्यंत उतरतं. पण टेबलावरचा जुना लॅपटॉप माझ्या भाचीसाठी आंबोलीजवळच्या गावी जायचाय, आणि तिथे रेंजसाठी अंगणाच्या टोकाला जावं लागतं.

आज त्यावर उबुंटू 24.04 घातलं. इन्स्टॉलर दोन पर्याय देतो. मोजक्या संचात ब्राउझर आणि किरकोळ साधनं; विस्तारित संचात लिबरऑफिस, थंडरबर्डसुद्धा. ऑक्टोबर 2023 च्या 23.10 पासून मोजका संचच आपोआप निवडलेला असतो. त्यामागची कारणं मला पटतात. डिस्कवर जागा उरते, अपडेट कमी येतात आणि सुरक्षेतल्या फटीही कमी राहतात.

पण हा सगळा हिशेब नेट गृहीत धरून केलेला आहे. विस्तारित संच घेऊनही मराठीचा भाषा-संच मला नेटवरूनच घ्यावा लागला. गावात तो कुठून येणार? 2002 मध्ये डेबियन 3.0 सीडींच्या गठ्ठ्यातून मिळायचं, तेव्हा नेट नसलेल्या घरातही हजारो पॅकेजेस हाताशी असायची.

पूर्ण संच म्हणजे पॅकेजेसच्या भांडारातलं झाडून सगळं नव्हे. तसं केलं तर एकाच कामाची दहा साधनं साठतील, काही एकमेकांशी भांडतीलही. ऑफिस, व्हिडिओ प्लेअर, छपाई, आपल्या भाषेचे फॉन्ट, कीबोर्ड आणि शुद्धलेखन तपासनीस, एवढं इन्स्टॉलरच्याच पेनड्राइव्हवर असावं.

मोजका संच आधी निवडलेला असू द्या. पण पूर्ण संचाचा पर्याय काढू नका. नेट नसलेल्या घराला तोच उपयोगी पडतो.